बोपा दिलिसची टकटक

बोपा दिलिसला पुरल्यावर पुढच्याच आठवड्यात तेस्नी प्रोबर्ट जिमनॅस्टिक्सच्या सरावाला बेथानियात आली, बॅग कोपऱ्यात भिरकावली, तळहातांना खडूची पावडर चोळली, धावपट्टीच्या वरच्या टोकाला घड्याळाखाली जाऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली. पाय हलेनात. खाली उडीच्या टेबलापाशी बोपाचा भाचा गेथिन हाताची घडी घालून उभा होता. बाकीच्या पोरी बीमवर होत्या. सगळं नेहमीसारखं होतं. फक्त टेबलाजवळ बोपा नव्हती.

आणि मग आवाज आला. टक टक.

तेस्नी पळाली. विचार केलाच नाही तिनं, पाय पळाले. उलटी कोलांटी, पाय उसळत्या फळीवर, पाठ टेबलाकडे, हात मागं, हवेत गिरकी आणि खाली गादीवर दोन्ही पाय रोवून उभी. गेथिननं टाळी वाजवली. "वा गं पोरी! एवढा वेळ काय वर झोपली होतीस?"

"टेबल कोणी वाजवलं?"

"काय?"

"आत्ता. दोनदा वाजलं. तू वाजवलंस?"

गेथिननं स्वतःच्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग गादी सरळ करायला वाकला. गादी सरळच होती.

बेथानिया म्हणजे वेल्समधल्या ब्लेनकारेग गावातलं जुनं चॅपल. प्रार्थनेला यायला माणसंच उरली नाहीत तेव्हा बाकं विकली गेली आणि रिकाम्या चॅपलमध्ये दिलिसनं गाद्या टाकल्या. वरचा सज्जा तसाच राहिला, प्रवचनाचा उंच ओटा तसाच राहिला. भिंतीवर त्या दिवशी कुठली भजनं म्हणायची त्याच्या आकड्यांची पाटी असते ना, तीही राहिली, शेवटच्या रविवारचे आकडे अजून लावलेले. ते काढायचं धाडस कोणी केलं नाही. आणि जमीन? जमिनीला उतार. मागं बसणाऱ्यालाही प्रवचनकार दिसावा म्हणून दारापासून ओट्यापर्यंत लाकडी जमीन हळूहळू खाली जाते. डोळ्यांना कळत नाही, पण खडूचा तुकडा हातातून सुटला की तो घरंगळत घरंगळत थेट ओट्यापाशी. पोरी म्हणायच्या, "गेला! पाद्रीबुवांनी नेला!" गावात प्रत्येकाला धंद्यावरून नाव चिकटतं. गेथिन बस चालवतो म्हणून गेथिन बस, आणि केसांत, भुवयांत, चहाच्या कपातसुद्धा पावडर घेऊन फिरणारी ती दिलिस खडू. पण हे पाठीमागं. तोंडावर सगळ्या पोरींची ती बोपा. रक्ताची मावशी कोणाचीच नाही आणि तरी सगळ्यांची असते, तिला या खोऱ्यात बोपाच म्हणतात.

तेस्नी सहा वर्षांची असताना तिची आई मायनिर तिला इथं हाताला धरून घेऊन आली होती. म्हणाली, "दिलिस, हिनं माझा सोफा मोडला. आता तू बघ."

बोपानं पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोफ्यावरून कुठल्या बाजूला उडी मारतेस गं?"

"मागं."

"मागं? न बघता?"

"बघितलं तर भीती वाटते."

बोपा हसली म्हणतात. बोपा हसली हे गावात दोन-तीनदाच झालंय, त्यातलं हे एक.

तर ती न बघता मागं जाणारी पोर मोठी झाली आणि तिची उलटी उडी साऱ्या खोऱ्यात गाजायला लागली. बारवर ती वाळत घातलेल्या ओल्या ब्लँकेटसारखी लटकायची, हे बोपाचेच शब्द. बीमवर बरी. पण टेबलावर! त्या उडीत गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, जीवच जातो बघणाऱ्याचा, की शेवटच्या क्षणी टेबलाकडे पाठ करायची. हात मागं टाकायचे आणि टेबल तिथं असेल असं धरून चालायचं. नसलं तर मान मोडलीच.

म्हणून बोपाची एक पद्धत होती. प्रत्येक उडीआधी ती स्वतः फळी बघायची, फळीभोवतीचं मऊ गादीचं कडं बघायची, टेबलाची उंची अडकवणारा खिळा हलवून बघायची, गादी बघायची. मग बोटांच्या हाडांनी टेबलावर दोनदा वाजवायची. टक टक. तोंडानं एक शब्द नाही, फक्त पोर टेबलावरून उलटी जाताना कमरेशी तिचा हात असायचा. ती टकटक ऐकल्याशिवाय पळायचं नाही, आणि ऐकल्यावर थांबायचं नाही, बस्स. तेस्नीनं अकरा वर्षांत कधी फळीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहायचं? बोपा आहे ना.

बाहेरगावी स्पर्धेला गेलं की बोपाचं अजून एक चालायचं. दुसऱ्यांच्या त्या मोठ्या चकाचक हॉलमध्ये शिरली की आधी जमिनीकडे बघून नाक मुरडायची, मग बुटाच्या टाचेनं फळी टेबलाकडे ढकलायची, चार बोटं, कधी वीतभर, आणि पुटपुटायची, "बाहेरचं जग सपाट आहे गं बाई, सपाट." पोरी मागं हसायच्या. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी बडबडायला लागतंच. तेस्नीही हसायची.

डिसेंबरात बोपा आजारी पडली आणि टेकडीवरच्या हॉस्पिटलात गेली. तेस्नी भेटायला गेली तेव्हा बोलणं बंद झालं होतं. हात पांघरुणावर, स्वच्छ धुतलेले, पावडरीचा कण नाही, आणि तेच तेस्नीला बघवेना. काय बोलावं ते सुचेना म्हणून तिनं बीमचं सांगितलं, मैत्रीण कादीचा घोटा मुरगळला ते सांगितलं, रस्त्यावर मेंढ्यांनी कोणाची तरी कचऱ्याची बादली उलटवली ते सांगितलं. आणि बोपानं डोळे मिटलेलेच ठेवून हात उचलला आणि पलंगाच्या कठड्यावर वाजवलं.

टक टक.

तेस्नी उभी राहिली. पाय खरंच तयार झाले होते, टाचा उचलल्या गेल्या होत्या. पण पळायचं कुठं? समोर पलंग, पलीकडे खिडकी, खिडकीबाहेर धुकं. ती तशीच उभी राहिली आणि मग हळूच खाली बसली. बोपानं पुन्हा वाजवलं नाही. दोन दिवसांनी गेली.

हे तेस्नीनं कोणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? मरणारं माणूस ये म्हणालं आणि मी बसले?

आणि आता ती टकटक बेथानियात येत होती. आधी लगेच यायची. मग उशिरा यायला लागली. तेस्नी घड्याळाखाली उभी, बाकीच्या पोरींची रांग तिच्या मागं, आणि ती ऐकतेय. कधी कधी सगळी रांग तिला ओलांडून उड्या मारून परत यायची तरी ती तिथंच.

"ए बाई, बसची वाट बघतेस का?" कादी ओरडायची. कादी तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून तर जीभ अशी. "गेथिनला सांग, बस काढेल तो!"

पोरी हसायच्या. गेथिन हसायचा नाही. त्याला वाटत होतं पोरगी घाबरलीय, असं होतं जिमनॅस्टना, डोकं अडकतं, कोणालाही होतं, वाट बघायची. तो स्वतः लहानपणी इथंच शिकला होता. पुढं बोपा मोठ्या पोरींना घेऊन स्पर्धांना जायची तेव्हा छोट्यांना सांभाळायला तो मागं राहायचा. आता सगळंच त्याच्या गळ्यात आलं होतं. बिचारा बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे येऊन बोपानं जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या टेपनं मोजायचा, कुठल्या पोरीची फळी टेबलापासून किती लांब, ते घोकून पाठ करायचा. बोपाची एकही गोष्ट चुकवायची नाही असं त्यानं ठरवलंच होतं.

मग टकटक घरीही यायला लागली. जिन्यावर. स्वयंपाकघरातल्या पाइपात. एकदा बसच्या काचेवर, बाहेर कोणी नसताना. घरी आई तव्यावर मनुक्यांचे केक भाजत होती आणि तेस्नी बशी हातात धरून एकदम ताठ झाली.

"काय झालं?"

"ऐकलंस?"

"पाइप आहे तो. तुझे बाबा होते तेव्हापासून वाजतोय." मायनिरनं केक उलटला. मग गॅस बंद केला. "तेस्नी, इकडे बघ. तू झोपत नाहीस. जेवत नाहीस. मला ती उडी नकोय."

"मम्, कार्डिफला जायचंय."

"नको जाऊस."

"टीम निवडणार आहेत तिथं. पुढच्या वर्षी मी एवढी मोठी असेन की कोणी विचारणार नाही. बारवर मला कोण घेणार? माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे!"

"आणि ती न बघता मागं पडायची आहे! दिलिस होती तोवर मी शिवणकाम घेऊन शांत बसायचे, माहितीय? तिचा हात तिथं होता. आता कोणाचा हात आहे?"

तेस्नीनं बशी खाली ठेवली. उत्तर होतं तिच्याकडे आणि ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. तिला वाटत होतं, बोपाचाच आहे. आणि त्याहून भयंकर म्हणजे तिला वाटत होतं, बोपा मला अजून बोलावतेय, आणि मी तिकडे गेले नाही म्हणून ती थांबत नाहीये.

भीती उडीची नव्हतीच. भीती ही होती की कार्डिफला टकटक आली नाही तर? आणि आली, तर ती नक्की कुठं बोलावतेय?

कार्डिफचा हॉल पांढरा शुभ्र, एवढा उजेड की सावलीच पडत नव्हती. कादी बीमवरून पडली, रडली, चिप्स खाऊन गप्प झाली. तेस्नीचं बार व्हायचं तेवढंच वाईट झालं, बीम चांगलं झालं. उरली उडी. सगळ्यांना हिशेब कळत होता. उडी बसली तर लाल लिओटार्ड म्हणजे टीमचा अंगचिकट पोशाख, छातीवर वेल्सचा ड्रॅगन आणि उन्हाळ्यात टीमबरोबर पोर्तुगाल. नाही बसली तर परत घर.

सरावाच्या उड्यांना ती दोनदा पळाली आणि दोन्ही वेळा फळीच्या आधी थांबली. दुसऱ्या वेळी तर टेबलावर हात टेकून उभी राहिली, धापा टाकत. गेथिन जवळ आला. त्याच्या शर्टाला घामाचे मोठे नकाशे उमटले होते.

"होतं असं. होतं. फळी मी बरोबर लावलीय बघ, टेपनं मोजून, बोपाच्या पट्टीवर जेवढी असते तेवढीच, केसभर फरक नाही. तू फक्त ये."

"हो."

"मायनिर वर बसलीय. हात कर तिला."

तेस्नीनं हात केला. आईनं केला नाही. आईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मग तिचं नाव पुकारलं. ती धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. हिरवा दिवा लागला. तिनं हात वर करून पंचांना सलाम केला आणि थांबली.

काही नाही.

हॉलमध्ये कुठं तरी गाणं चालू होतं, कोणाच्या तरी फ्लोअरच्या कसरतीचं. एक बाळ रडत होतं. तेस्नी ऐकत राहिली, म्हणजे कानांनी नाही, सगळ्या अंगानं ऐकत राहिली. ये ना. बोपा, आता ये, प्लीज. इतके दिवस जिन्यावर वाजवतेस, पाइपात वाजवतेस, बसच्या काचेवर वाजवतेस, आणि आज नाही? दिव्याजवळ घड्याळ चालू होतं. गेथिन हातानं 'चल चल' करत होता. कादी ओरडली, "तेस्नीऽऽ! बस आली गं!" आणि एरवी हसू आलं असतं.

नुसतं पळावं का? पळालं तर? पाय तयार होते. टाचा उचलल्या होत्या. अगदी त्या दिवशी हॉस्पिटलात उचलल्या होत्या तशा.

आणि तिथं, टाचा उचललेल्या असताना, तिला वाटलं की अरे, बोपा कधी उगाच थांबायची नाही. टकटक आली नाही याचा अर्थ अकरा वर्षांत एकच होता. काहीतरी नीट लागलेलं नाही.

तिनं समोर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं फळीकडे नीट पाहिलं. मग खाली पाहिलं. हातावरच्या खडूचा एक तुकडा सुटून पायाशी पडला होता. पडला होता तिथंच होता. घरंगळत गेला नव्हता.

सपाट. जग सपाट आहे गं बाई.

बेथानियात सगळं उतारावरून पळणं. उतारानं वेग येतो, म्हणून तिथं फळी टेबलापासून लांब लागते. इथं तेवढा वेग येणारच नव्हता. लांबच्या फळीवरून ती मागं गेली असती, हात टाकले असते आणि हाताखाली टेबलाची फक्त कड आली असती. किंवा तीही नाही. गेथिननं प्रेमानं, टेप लावून, केसभर फरक न करता तिची मान मोडायची सोय करून ठेवली होती. आणि त्याला कळणार कसं? तो बोपाबरोबर बाहेर कधी गेलाच नव्हता. ज्या गेल्या होत्या त्या मागं उभ्या राहून हसत होत्या.

तेस्नी चालत निघाली. पळत नाही, चालत. हॉलमध्ये कुजबूज झाली. एका पंचबाईनं चष्मा काढला.

"अगं काय करतेस!" गेथिन दबक्या आवाजात किंचाळला. "दिवा लागलाय! उशीर झाला तर गुण कापतील, फार झाला तर शून्य!"

"फळी लांब आहे."

"मी मोजलीय!"

"चॅपलला उतार आहे, गेथिन."

गेथिननं फळीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. आणि मग त्याचा चेहरा असा पडला ना, असा, की तेस्नीला पुढं कितीतरी वर्षं तो चेहरा आठवत राहिला. ती खाली वाकली नाही. टाचेनं ढकलली फळी, अनवाणी टाचेनं, चार बोटं, मग अजून थोडी. गेथिननं मऊ कडं सरकवलं. तिनं खिळा हलवून पाहिला. गादी पाहिली.

आता वाजवायचं राहिलं होतं.

तिनं हात टेबलावर उचलून धरला आणि तो तसाच हवेत राहिला. कारण तिला कळत होतं. तिनं स्वतः वाजवलं की बोपा वाजवणार नाही. पुन्हा कधीच नाही. जिन्यावर नाही, पाइपात नाही. हे घर सोडताना कडी लावावी तसं होतं, आत कोणी नाही हे कबूल करून मग लावायची कडी. हॉस्पिटलातली ती टकटक ये म्हणणारी नव्हतीच बहुतेक. सगळं बघून झालंय, नीट आहे, तू जा, असं असेल. किंवा नसेल. ते आता कोणाला विचारणार?

घड्याळ चालू होतं.

तिनं वाजवलं. टक टक.

आवाज तोच आला. अगदी तोच. गेथिननं दचकून मान वर केली.

ती धावत परत गेली, वळली, आणि पळाली. उलटी कोलांटी, फळी, पाठ. आणि त्या न बघण्याच्या क्षणात, जिथं अकरा वर्षं कमरेवर एक हात असायचा आणि मेल्यावरही होता असं ती शपथेवर सांगेल, तिथं काही नव्हतं. रात्रभर कोणी शेजारी झोपून उठून गेल्यावर अंथरूण गार पडतं ना, तेवढीच गार जागा. हाताखाली टेबल आलं. पूर्ण आलं. गिरकी. गादी. एक पाऊल मागं, मग उभी.

वेळ लावल्याबद्दल गुण कापले. उडी मात्र ग्राह्य धरली. त्या कापलेल्या गुणांमुळे ती टीममध्ये फक्त राखीव झाली, म्हणजे लाल लिओटार्ड मिळाला आणि पोर्तुगालही मिळालं, पण तिथं ती प्रेक्षकांत बसून टीमच्या बॅगा सांभाळत राहिली. मायनिरनं तो लिओटार्ड काचेत लावून जिन्यात टांगलाय. पुढच्या हिवाळ्यात तेस्नीचा गुडघा गेला. संपलं. एवढंच करिअर. गावातल्या चिप्सच्या दुकानात तिला अजूनही चिप्सवर एक चमचा करी फुकट मिळते, 'वेल्सची मुलगी' म्हणून.

आणि टकटक? नाही आली. ती जिन्यात थांबायची, पाइपाला कान लावायची. पाइप वाजायचा, पण तो पाइपच वाजायचा. याचं बरं वाटायला हवं होतं.

आता ती स्वान्सीला कॉलेजात आहे आणि शनिवारी बेथानियात शिकवते. टेबलापाशी तीच उभी राहते, फळी, कडं, खिळा, गादी, टक टक. गेल्या महिन्यात एका शनिवारी ती कादीशी बोलता बोलता वाजवायचं विसरली. वर घड्याळाखाली माब्ली नावाची नऊ वर्षांची पोर उभी होती.

"माब्ली! ये की!"

पोर हलली नाही.

"काय झालं? घाबरलीस?"

"तू वाजवलं नाहीस."

"अगं, सगळं नीट आहे, ये."

"नाही," माब्ली म्हणाली. शांतपणे, हट्टानं नाही. "तू वाजवल्याशिवाय मी येणार नाही. कधीच."

तेस्नीनं वर पाहिलं. त्या पोरीचे डोळे तिच्यावर नव्हतेच, टेबलावर होते, आणि ती ऐकत होती, अंगभर ऐकत होती. तेस्नीला ते ऐकणं ओळखीचं होतं. तिला एकदम पुढचं सगळं दिसलं. ती स्वतः नसेल त्या दिवशीचं. ही पोर कुठल्या तरी जिन्यात उभी, कुठल्या तरी पाइपाला कान लावून, तिची वाट बघत.

"खाली ये," ती म्हणाली. "चालत ये. हा खडू धर. सोड जमिनीवर."

माब्लीनं सोडला. खडू घरंगळत ओट्याकडे गेला.

"पाद्रीबुवांनी नेला!" पोर खिदळली.

"पाद्रीबुवा नाही. उतार आहे. इथं उतार आहे आणि बाहेर नाही, हे आधी डोक्यात भर. आता फळी बघ. मी नाही, तू बघ. पायानं हलवून बघ. खिळा बघ. झालं? आता वाजव."

"मी?"

"तूच. मी वर जाते, तिथून ऐकू येतं का बघते."

तेस्नी लंगडत वर गेली, घड्याळाखाली उभी राहिली. खाली ती एवढीशी पोर टेबलाशी, चवड्यांवर उभी, कारण हात पोचत नव्हता. भिंतीवर शेवटच्या रविवारचे आकडे. माब्लीनं मूठ वळली.

टक टक.

गुडघ्याला पट्टा होता, पायात बूट होते, तरी तेस्नीच्या टाचा उचलल्या गेल्या.